फिश टँक आणि स्त्रिया

फिश टँक हा मुळात पुरुषांचा छंद, हे गेल्या अंकातील पत्राचे विधान इतिहासाला धरून नाही. काचेच्या टाकीत समुद्री जीव ठेवून त्यांचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला तो झान व्हिलप्रो-पॉवर या फ्रेंच स्त्रीने, 1832 मध्ये, सिसिलीतील मेसिना येथे. अर्गोनॉट हा ऑक्टोपसच्या जातकुळीतला प्राणी कवच स्वतः घडवतो की दुसऱ्याचे बळकावतो, हा तेव्हाचा वाद. व्हिलप्रो-पॉवर यांनी कवचाचा तुकडा मोडला; मादीने पसरट बाहूंतून पाझरणाऱ्या द्रव्याने ते भगदाड बुजवले, आणि हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

लंडनच्या ॲना थिन यांनी 1846 च्या सुमारास टॉर्कीहून आणलेली प्रवाळे घरात जगवली. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात रोज अर्धा-पाऊण तास ओतावे लागे. हे कष्ट घरातल्या मोलकरणीचे, आणि तिची आठवण फार कमी जणांना होते. पुढे निसर्ग अभ्यासक फिलिप गॉस यांचे अशा टाक्यांवरचे 1854 चे पुस्तक गाजले, छंदाची लाट आली, आणि श्रेयही तिकडेच वाहत गेले.

दुकानांत आणि स्पर्धांत पुरुष जास्त दिसत असतील. पण बादलीत पाणी भरून त्यातला क्लोरीन उडू देणे, काचेवरचे शेवाळ खरवडणे, बेताने खाणे टाकणे ही कामे घरात होतात. टाकी विकत कोण घेतो एवढेच मोजले, तर ही कामे करणाऱ्या बायका मोजणीतून सरळ गळतात.