पावसाआधी पुढचं चाक तपासा

बाळकुम नाक्यावरून रोज मोटारसायकल काढणाऱ्यांना इथला रस्ता वेगळा सांगायला नको. भिवंडीच्या गोदामांकडे निघालेले कंटेनर, कशेळी पुलाकडची कोंडी, कापूरबावडीला वळणारा लोंढा, आणि पाऊस लागला की खड्डे. समोरचा ट्रेलर अचानक थांबला तर आपली सगळी भिस्त पुढच्या ब्रेकवर असते. ब्रेक दाबताच गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवण्याचं मोठं काम तोच करतो. ताशी 50 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ 14 मीटर पुढे जाते. झिजलेल्या ब्रेकला तेवढी जागा कुणी देत नाही.

तेव्हा पाऊस सुरू व्हायच्या आधी एक सकाळ गाडीला द्या. डिस्कचे पॅड घरी बदलता येतात आणि चाकाचं बेअरिंग घरी तपासता येतं.

आधी कॅलिपरमध्ये टॉर्च मारा. पॅडच्या अस्तरावरची खाच पुसट झाली असेल, किंवा अस्तर दीड मिलीमीटरच्या आत आलं असेल, तर दोन्ही पॅड एकदम बदला. करकर आवाज येईपर्यंत थांबलात तर पॅडचा पत्रा डिस्क कापतो आणि खर्च वाढतो. ड्रम ब्रेक असेल तर ब्रेक पूर्ण दाबून धरा आणि ड्रमवरचा बाण बघा. तो खुणेपर्यंत पोचला तर लायनर संपले.

पॅड आपल्याच मॉडेलचे, पक्क्या बिलाचे घ्या. गाडी मेन स्टँडवर लावा. कॅलिपर जागेवर असतानाच पॅडची पिन सैल करा, मग दोन्ही बोल्ट काढा. कॅलिपर ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधून ठेवा. एबीएसच्या वायरला धक्का लागू देऊ नका. आतली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. पिस्टन स्वच्छ करून हळूहळू आत ढकला. तेव्हा हँडलवरच्या डबीत ब्रेक ऑइल वर चढतं, तिकडे लक्ष ठेवा; रंगावर सांडलं तर रंग जातो, लगेच पाण्याने धुवा. नवे पॅड बसवताना त्यांना किंवा डिस्कला ग्रीसचा हात लावू नका. बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच आवळा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी हलवण्याआधी लिव्हर कडक लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबा. पिस्टन मागे गेलेला असतो, म्हणून पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. हे विसरून गाडी थेट रस्त्यावर आणणं जिवावर बेतू शकतं. नंतरही पॅड डिस्कवर नीट बसेपर्यंत सोसायटीतल्या मोकळ्या जागेत किंवा आतल्या रस्त्यावर हळू चालवा.

त्याच बैठकीत बेअरिंग बघा. कुणाला तरी मागची सीट दाबायला सांगा, म्हणजे पुढचं चाक अधांतरी होईल. टायर डावीकडून उजवीकडे हलवून बघा. चाक एक्सलवर खटखट करत असेल तर बेअरिंग गेलंय. चाक फिरवून शॉकअपच्या नळीला हात लावा. हाताला घरघर जाणवली तरी तेच. पण नळ्या खालून धरून पुढे-मागे ओढल्यावर हँडलच्या मुळाशी खटका लागत असेल तर दोष कोनसेटचा आहे. एकाचा दोष दुसऱ्याचा समजून भलताच पार्ट बदलू नका.

बेअरिंग बसवणं मात्र मेकॅनिककडेच द्या. हातोडीने वेडंवाकडं ठोकलेलं बेअरिंग टिकत नाही आणि हब खराब होतो. लिव्हर स्पंजासारखं लागत असेल, ऑइल गळत असेल, तर तेही त्याच्याकडेच न्या. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलून घ्या.

पॅडचा खर्च अपघाताच्या मानाने काहीच नाही. येत्या रविवारी गाडी स्टँडवर लावा, टॉर्च घ्या आणि बघा. कॉलेजला जाणाऱ्या शेजारच्या मुलाच्या गाडीचे पॅडही त्याच वेळी बघून द्या.