दोन तासांचं काम

मे-जूनमध्ये आपल्या बेळगावात घरं बदलायचा हंगाम असतो. कुणाची बदली झालेली, कुणाचा भाडेकरार संपलेला. टेंपो दारात येतो आणि हमालांशी घासाघीस सुरू होते. "दोन तासांचं तर काम, मामा. एवढे कशाला?" मामा मान डोलावतात, कारण नाही म्हटलं तर नाक्यावर दुसरे उभेच आहेत. काम उक्तं ठरतं. माझं म्हणणं एवढंच, की हे दोन तास कुणीच मोजलेले नसतात, आणि न मोजलेल्या वेळेचे पैसे हमालाच्या खिशातून जातात.

मोजून बघूया. दोन बेडरूमच्या घरातून खोकी, पोती, गाद्या, बादल्या, कुंड्या धरून १२० नग सहज निघतात. चार माणसं आली तरी वाहणारी तीनच, कारण एकाला टेंपोत उभं राहून सामान रचावं लागतं. (बाल्कनीतून बघणाऱ्याला तो रिकामा वाटतो. त्यानं नीट रचलं नाही तर शेवटी पलंग रस्त्यावर राहतो.) दुसऱ्या मजल्यावरून उतरून परत वर यायला चार मिनिटं धरा. एकेकाच्या वाट्याला ४० फेऱ्या, म्हणजे १६० मिनिटं. दोन तास इथंच उलटून गेले की! अजून कपाट जिन्याच्या वळणावर अडकायचंय, फ्रिज दोघांनी धरून उतरवायचाय, ताडपत्री टाकून दोर आवळायचाय.

शहापूरच्या एखाद्या अरुंद गल्लीत घर असेल तर टेंपो कोपऱ्यावरच थांबतो. फेरीमागे दोनच मिनिटं वाढली म्हणा. चाळीस फेऱ्यांची ८० मिनिटं झाली! वर आपला पाऊस. आपण अंदाज करतो तो सामान बघून, वेळ मात्र जातो पायऱ्यांवर आणि रस्त्यात.

माणसाच्या या सवयीला कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये नाव दिलं, 'नियोजनाचा भ्रम'. पुढं १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी अंदाज आला ३३.९ दिवसांचा, लागले ५५.५ दिवस. आपल्याला हे काही नवीन नाही, असाइनमेंटचं आपलंही तेच चालतं. पण तिथं अंदाज चुकला तर जागरण आपल्यालाच करावं लागतं. इथं अंदाज आपण करायचा आणि पाठ दुसऱ्याची दुखणार.

आपण पुस्तकवाले तर जास्तच अपराधी! हातभर लांबी, रुंदी आणि उंचीच्या खोक्यात पुस्तकं ठासून भरली की वजन पन्नास किलोच्या घरात जातं. एका माणसानं ५५ किलोच्या वर ओझं वाहू नये, अशी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची १९६७ ची शिफारस आहे. आणि आपण खोक्यावर मार्करनं लिहितो, 'पुस्तके, जपून'. वाहणाऱ्याला जपायचं कुठं लिहिलेलं नसतं.

कुणी म्हणेल, ताशी पैसे ठरवले तर मुद्दाम रेंगाळतील. एखादा रेंगाळेलही. मग तास नको, पण उक्तं ठरवायचं तर आधी नग मोजा, मजला सांगा, टेंपो कुठं थांबणार ते दाखवा, आणि मग बोला भाव. किती माणसं लागतील हे त्यांना त्यावरून आपल्यापेक्षा चांगलं कळतं. टेंपो आल्यावर आपलीच पॅकिंग अर्धी राहिलेली असेल, तर त्या ताटकळण्याचे वेगळे पैसे द्यायचे, हेही तेव्हाच बोलून घ्यावं. पुस्तकांना लहान खोकी घ्यावीत. किराणा दुकानात साबणाची, बिस्किटांची मिळतात. मोठ्या खोक्यात उशा आणि पांघरुणं भरा.