चौथ्या सीटचं इकॉनॉमिक्स

मागणी वाढली की किंमत वाढते, हे बारावी कॉमर्सला घोकलेलं आठवतंय? मग सकाळी आठला डोंबिवली स्टेशनवर उभे राहा, फंडा पार गंडतो. डिमांड सॉलिड, गाड्या मोजक्या आणि तिकीट मात्र तेच! गर्दी आहे म्हणून रेल्वे रिक्षा-अ‍ॅपसारखा सर्ज लावत नाही. मग जागा मिळते कुणाला? ज्याची कोपरं मजबूत त्याला. नाहीतर जो आधी उलटा कल्याणला जाऊन, बसून परत येतो त्याला. त्यानेही किंमत मोजलीच की, फक्त रुपयांऐवजी झोपेत. आणि तिघांच्या बाकावर टेकलेला चौथा हा आपला घरगुती वाढीव पुरवठा.

रुपयांचा नियमही चालतोच, बरं का. मे २०२२ मध्ये एसी लोकलचं सिंगल तिकीट निम्म्यावर आलं, किमान भाडं ६५ वरून ३० रुपये. (पास मात्र तसेच राहिले.) तोवर जिथे हातपाय पसरून बसता यायचं, ते डबे भरू लागले. किंमत उतरली, मागणी चढली. पैकीच्या पैकी मार्क!

गोची आहे ती पुरवठ्याची. कांदा महागला की शेतकरी पुढच्या हंगामात जास्त लावतो; रूळ असे उगवत नाहीत. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली तेव्हा ३६ नव्या फेऱ्या मिळाल्या, त्यातल्या बहुतेक एसी. पुढे ऑगस्टमध्ये साध्या लोकलच्या जागी एसी आल्या आणि कळवा, बदलापूरचे प्रवासी भडकले. २५ ऑगस्टपासून त्या १० फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. मला विचाराल तर तो राग एसीवर नव्हताच. एकूण गाड्या तेवढ्याच, पण स्वस्तातली एक कमी, हे साधं गणित लोकांना कळलं होतं.

बाकीची किंमत फ्लॅटच्या दरात दडलेली असते. ठाण्यात जमत नाही म्हणून डोंबिवली, तिथेही नाही म्हणून आणखी पुढे. बिल्डरचा तो डिस्काउंट आपण रोज दारात लटकून फेडतो. ब्रोशरवर 'स्टेशनपासून दहा मिनिटं' असतं, स्टेशनच्या पुढचं कोण छापणार?

९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ फूटबोर्डवर लटकलेली माणसं खाली पडली, काहींचा जीव गेला. त्यानंतर साध्या लोकललाही आपोआप बंद होणारे दरवाजे बसवायचं ठरलं. हवेतच ते. पण फूटबोर्डसुद्धा हिशेबात जागाच होती, बॉस! दार बंद झालं की तेवढी माणसं फलाटावर उरणार. १२ ऐवजी १५ डबे जोडले तर त्याच रुळावरून पावपट जास्त माणसं जातात. मध्य रेल्वेवर अशी गाडी २०१२ मध्येच धावली होती. त्यानंतर कितीतरी वर्षं तिच्या फेऱ्या मोजक्याच राहिल्या.