जेद्दा जागेवरच, वाट मात्र लांबली

मुंबई आणि जेद्दा या दोन विमानतळांमधले सरळ हवाई अंतर सुमारे 3,500 किलोमीटर. दोन्ही शहरे जवळपास एकाच अक्षांशावर, त्यामुळे विमान अरबी समुद्रावरून जवळजवळ सरळ पश्चिमेला जाते. जाताना सव्वापाच ते साडेपाच तास लागतात, येताना त्याहून कमी. उंचावरचे पश्चिमी वारे परतीच्या विमानाला मागून रेटा देतात. 1995 पर्यंत याच वाटेने मुंबईहून हजयात्रेकरूंच्या बोटी जात, तेव्हा निदान आठवडा मोडायचा.

रमजानमध्ये केलेल्या उमऱ्याचे पुण्य हजइतके, असे हदीसमध्ये आहे. म्हणून या महिन्यात जेद्दाच्या तिकिटांना मागणी वाढते. दुपारच्या विमानात रोजा ठेवून बसणाऱ्याचा दिवस मात्र लांबतो. मार्चमध्ये मुंबईत पावणेसातच्या सुमारास सूर्य मावळतो. जेद्दाला त्यानंतर सव्वादोन तासांनी. विमान सूर्यामागे ताशी आठशे किलोमीटरने धावते, तर या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे 1,570 किलोमीटर वेगाने फिरते. म्हणजे हवेत दोन तास काढावेत तेव्हा मगरीब एक तासाने जवळ येते. मनगटावरच्या घड्याळात मुंबईची इफ्तार होऊन जाते, शेजारचा जेवून घोरू लागतो, आणि खिडकीबाहेर ऊन! रोजा सुटतो तो माणूस जिथे असेल तिथला सूर्य मावळल्यावर. तेरा तासांचा रोजा पंधरा तासांवर जातो. मुसाफिराला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. तरी अनेकजण ती घेत नाहीत.

हा झाला निसर्गाचा हिशेब. खरा घोळ राजकारणाच्या आकाशात आहे, आणि त्याची झळ मुंबईपेक्षा दिल्लीहून निघणाऱ्यांना अधिक. दिल्ली-जेद्दा सरळ रेषा पाकिस्तानवरून जाते. पहलगाम हल्ल्यानंतर 24 एप्रिल 2025 रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, 30 एप्रिलला भारतानेही तसेच केले. त्यानंतर दोन्हीकडून महिन्यामहिन्याने मुदत वाढवली गेली. भारतीय कंपनीच्या विमानाला आधी गुजरातच्या बाजूला उतरून मग समुद्रावरून पश्चिमेला वळावे लागते. बंदी फक्त भारतीय विमानांना असल्याने सौदी कंपनीचे विमान त्याच दिल्लीहून जवळच्या वाटेने जाऊ शकते. अंतर तेच, वाटा दोन. जास्त इंधन म्हणजे जास्त खर्च, आणि तो शेवटी कुणाच्या खिशातून जातो हे सांगायला नको.

हे पहिल्यांदा घडलेले नाही. बालाकोटनंतर 27 फेब्रुवारी 2019 ला बंद झालेले पाकिस्तानचे आकाश 16 जुलैला उघडले. त्या वर्षीचा रमजान याच काळात गेला. तेव्हा एअर इंडियाला जुलैच्या सुरुवातीपर्यंत 491 कोटी रुपयांचा फटका बसल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले. कंपनीचे नुकसान निदान मोजले तरी जाते. उत्तर प्रदेशातल्या एखाद्या गावातून पै-पै जोडून दिल्ली गाठणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याचा वाढीव खर्च कोणत्याही उत्तरात येत नाही. तिकिटावर निघण्याची नि पोहोचण्याची वेळ असते, विमान कोणत्या वाटेने जाणार ते नसते. उमऱ्याचे पॅकेज विकणाऱ्या एजंटांनी पैसे घेण्याआधी निदान एवढे तरी सांगायला हवे.