उमेदवारीचे एक वर्ष

‘उमेदवारी’ हा शब्द आता बहुधा निवडणुकीच्या दिवसांतच कानी पडतो. एके काळी पेढीवर त्याचा अर्थ निराळा होता. नवा मुलगा पेढीवर आला की त्याने टपाल आणावे, काट्याजवळ उभे राहून वजन पाहावे आणि रोजकीर्दीवरून खतावणी कशी उतरते हे शिकावे, अशी रीत होती. हाती पडणारी रक्कम अल्प असे व तिला कोणी पगार म्हणत नसे. शासनाच्या कागदांत ‘शिकाऊ उमेदवार’ हा शब्द आजही टिकून आहे.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेल्या एका कुटुंबात हा शब्द अलीकडे पुन्हा आला. थोरली मुलगी बी.कॉम. झाली. पुढे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून एम.कॉम. करायचे आणि दिवसा मिरजेच्या एका रुग्णालयात प्रशासन विभागात वर्षभर उमेदवारी करायची, असे तिने ठरविले. वडिलांना ते रुचले नाही. “नऊ हजारांसाठी दुसऱ्याच्या दारी कशाला? दुकानाचा हिशेब उद्यापासून तूच पाहा,” असे ते म्हणाले. आईला काळजी अभ्यासाची होती. आजोबांनी मात्र एकच प्रश्न विचारला, “करार कागदावर आहे ना, बाळ?”

प्रश्न जुन्या व्यापाऱ्याचा होता आणि अचूक होता. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे. आरंभी त्याचा भर कारखान्यांतील तांत्रिक कामांवर होता. २०१४ च्या दुरुस्तीने वाणिज्य, कला, विज्ञान अशा बिगर-तांत्रिक पदवीधरांनाही त्याचे दार उघडले. २०१९ च्या सुधारित नियमांनी पदवीधराचे किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रुपये ठरविले. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेत या किमान रकमेचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलते. मात्र उमेदवार आणि आस्थापना यांच्यात नोंदणीकृत करार हवा. तो नसेल, तर ती केवळ स्वस्तातली नोकरी ठरते. कायद्याच्या दृष्टीने उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो, आणि वर्ष संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन सर्वसाधारणपणे आस्थापनेवर नसते. हे दोन्ही मुद्दे घरात आधीच समजलेले बरे.

मुलीचा करार नोंदला गेला. दूरस्थ शिक्षणाला हरकत नसल्याचे रुग्णालयाकडून तिने लेखी घेतले. पहिले तीन महिने ती नोंदणी कक्षात होती. रुग्णाचे नाव आधार कार्डावर एक, विम्याच्या पॉलिसीवर दुसरे आणि घरच्यांच्या तोंडी तिसरे, असा प्रकार वरचेवर घडे. दाखल होताना नाव चुकले की त्याचा जाच दावा मंजूर होताना होतो, हे तिला लवकरच उमगले. पुढे ती बिल विभागात आली. डॉक्टरांनी सकाळी ‘घरी न्या’ म्हटले तरी औषध भांडार, प्रयोगशाळा आणि शस्त्रक्रियागृह यांच्या नोंदी जुळल्याशिवाय अंतिम बिल निघत नाही, आणि ते निघाल्याशिवाय विमा कंपनीकडे जात नाही. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार, घरी सोडण्याची विनंती पोहोचल्यापासून तीन तासांत कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची असते. पण ही घड्याळे विनंती पोहोचल्यावर चालू होतात. रुग्णालयातच कागद अडकला, तर नियमाचा उपयोग नाही.

एका दुपारी जत तालुक्यातील एक शेतकरी पत्नीला घरी नेण्यासाठी खिडकीपाशी आला. विमा कंपनीने हातमोजे व तत्सम वस्तूंची रक्कम वगळली होती. “विमा असताना पैसे कशाचे?” असे म्हणत त्याचा आवाज चढला. मुलगी बिल घेऊन बाहेर आली, त्याच्या शेजारी बाकावर बसली आणि एकेक ओळ वाचून दाखवू लागली. वडील शेतकऱ्याला हळदीची पट्टी अशीच समजावतात; किती पोती, किती वजन, काय दर, हमाली किती, तोलाई किती. वाचता वाचता तिच्या लक्षात आले की न वापरता परत केलेली काही औषधे बिलातून वजा झालेली नाहीत. बिल दुरुस्त झाले. उरलेली रक्कम त्या माणसाने तक्रार न करता भरली.

रात्री तिने घरी हे सांगितले. वडील क्षणभर थांबले आणि म्हणाले, “परत आलेल्या मालाची नोंद तुमच्याकडे कोण ठेवतो?” त्या दिवसापासून ते तिच्या कामाबद्दल व्यापारासारखे विचारू लागले.

आईची काळजीही निराधार ठरली नाही. रोज सायंकाळी तास-दीड तास अधिक थांबावे लागल्याने पहिल्या परीक्षेत तिचा एक विषय राहिला. तेव्हा आजोबांनी करार पुन्हा वाचावयास सांगितले. शिकाऊ उमेदवाराला जादा वेळ थांबविण्यासाठी उमेदवारी सल्लागाराची मंजुरी लागते, असे कायदाच म्हणतो. ही तरतूद तिने विभागप्रमुखांना नम्रपणे दाखविली. त्यांना ती ठाऊक नव्हती. दुसऱ्या आठवड्यापासून ती वेळेवर निघू लागली आणि राहिलेला विषय पुढच्या परीक्षेत सुटला.

या हकिकतीत व्यापारी कुटुंबांसाठी दोन गोष्टी आहेत. एक मुलांच्या पालकांसाठी: विद्यावेतनाचा आकडा पाहून दार लावू नये, करार, कामाचे तास आणि अभ्यासाची वेळ या तीन गोष्टी मात्र पारखून घ्याव्यात. दुसरी मालकांसाठी आणि रुग्णालयांच्या विश्वस्त मंडळांवर बसणाऱ्यांसाठी. ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेने त्याच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे २०१९ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. ही संख्या कागदावर भरून काढता येते. परंतु खिडकीमागे बसलेले मूल खरोखर शिकते आहे की केवळ कमी पैशांत राबते आहे, हे विश्वस्तांनी महिन्यातून एकदा तरी त्याच्याशी बोलून पाहावे.

मुलीचे वर्ष पूर्ण होत आले आहे. रुग्णालय नोकरी देईल की नाही, हे ठरलेले नाही. दुकानातील जागा तर आहेच. यंदाच्या हळदीच्या सौद्यांत वडिलांनी पट्ट्या तपासण्याचे काम रविवारी तिच्याकडे दिले, आणि पहिल्याच रविवारी तिने तोलाईतील एक चूक काढली. ती शेतकऱ्याच्या विरुद्ध झाली होती. वडिलांनी त्याच दिवशी त्या शेतकऱ्याला दूरध्वनी करून उरलेली रक्कम घेऊन जाण्यास सांगितले.