विंचू, टर्बो आणि महापूर

सुरुवातीलाच कबूल करतो, माझी शाळा साताऱ्यातलं कॉन्व्हेंट. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पदरात घ्याव्यात. "तू इंग्लिश सेक्शनमध्ये लिही ना," असं रूममेट म्हणाला. पण ज्या मिस्त्रींमुळे हा लेख सुचला, ते इंग्लिश वाचत नाहीत आणि हा अंक त्यांना नेऊन द्यायचाय. म्हणून मराठीत!

विषय आहे सेकंडहँड स्पोर्ट्स कार. दचकू नका, मी घेत नाहीये. माझं मेसचं बिलच अजून बाकी आहे. घेणारा माझा आत्तेभाऊ. सातारच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. पाच वर्षं पगारातून बाजूला टाकत टाकत त्याने साडेचार लाख जमवले. एका रात्री त्याचा फोन आला, "अरे, सांगलीत एक अबार्थ विकायला आहे. तू तिथेच आहेस, शिवाय मेकॅनिकलला आहेस. जाऊन इंजिन कसं आहे ते बघून सांग. तू हो म्हणालास की टोकन पाठवतो."

तू हो म्हणालास की! अख्ख्या घरात मी एकटा होणारा इंजिनिअर, त्यामुळे मिक्सर बिघडला तरी मलाच फोन येतो. पण मिक्सर वेगळा आणि साडेचार लाख वेगळे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अबार्थ पुंटो ही फियाटची गाडी २०१५ मध्ये भारतात आली, आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून. नाकावर विंचवाचं चिन्ह, कारण अबार्थ कंपनी काढणाऱ्या कार्लो अबार्थची रास वृश्चिक. दिसायला साधी हॅचबॅक, पण आत १३६८ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ हॉर्सपॉवर. शून्य ते शंभर ८.८ सेकंदांत, असा कंपनीचा दावा. परदेशी पोरं हिला स्पोर्ट्स कार म्हणतील की नाही देव जाणे, पण आमच्या यवतेश्वरच्या घाटात तिने एखाद्याला मागे टाकलं तर तो नक्की म्हणेल. २०१९ मध्ये फियाटने भारतात गाड्या विकणं थांबवलं. म्हणजे आता घ्यायची तर जुनीच, आणि एखादा पार्ट मिळायला वेळ लागणार हे धरूनच चालायचं.

आता माझं ज्ञान ऐका. मी आयुष्यात जवळून पाहिलेलं एकमेव इंजिन म्हणजे लॅबमधलं किर्लोस्करचं सिंगल सिलिंडर डिझेल. ५५३ सीसी, १५०० आरपीएम, ५ हॉर्सपॉवर. ट्रायल घ्यायची, रीडिंग घ्यायची, जर्नल उतरवायचं (कोणाचं तरी!). हिशोब करा. ते इंजिन लिटरमागे ९ हॉर्सपॉवर देतं, अबार्थ १०६ देते. जवळजवळ बारा पट! आजोबांच्या विहिरीवर असलंच एक इंजिन होतं. ते वर्षानुवर्षं चाललं, कारण एक तर त्याच्यावर ताण कमी, आणि दुसरं म्हणजे आजोबा हँडल मारायच्या आधी न चुकता ऑइल बघायचे. बारा पट ताण घेणाऱ्या इंजिनाला ही काळजी किती लागेल? हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही.

कारण मी गाडी बघितली आणि पाघळलो. लाल रंग, चकाचक पॉलिश. मालकाने ॲक्सिलरेटर दाबला आणि तो आवाज... मित्रांनो, मी खिशातून फोन काढला होता. "दादा, घेऊन टाक" एवढंच म्हणायचं बाकी होतं. मग आठवलं की ह्यातला एक रुपयाही माझा नाही. "उद्या सांगतो" म्हणून निघालो.

हॉस्टेलच्या पोरांच्या बाइक दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत, पूर्वी मोठ्या गॅरेजमध्ये गाड्यांचं काम करायचे. त्यांना गळ घातली. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी गेलो, तर त्यांनी गाडीकडे न बघता बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "चला, उद्या येऊ." मला कळेना. रस्त्यात सांगितलं, "बॉनेट गरम हाय. आपण यायच्या आधी गाडी चालू करून ठेवलीया. इंजिनचं खरं दुखणं थंडीत कळतंय बघा." तिसऱ्या दिवशी सकाळी सातला, न कळवता, पुन्हा दारात!

त्यानंतरच्या दीड तासात मी जे शिकलो ते चार सेमिस्टरमध्ये शिकलो नव्हतो. थंड इंजिन चालू करून आधी धूर बघितला. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबला नाही तर कूलंट जळतंय. ऑइलचं झाकण उघडून खालून बघितलं. तिथे दुधाळ साय दिसली तर पाणी आणि ऑइल एकत्र होत असल्याचा संशय घ्यायचा. इथवर सगळं ठीक होतं. मी मनात टोकन पाठवूनही टाकलं.

मग मिस्त्री ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि सीटबेल्ट ओढायला लागले. ओढत ओढत पार शेवटपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ होती. सरळ, आडवी. "गाडी समदे धुत्यात," ते हळूच म्हणाले, "पट्टा कोण धुवायला बसतंय?" नंतर डिकीत स्टेपनीखाली हात घातला. बोटांना बारीक गाळ. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले.

सांगलीकरांना पुढचं सांगायला नको. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांवर धोक्याची पातळी, आणि कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. गावभाग, मारुती रोड, शामरावनगर... कित्येक घरांसमोर उभ्या गाड्या टपापर्यंत बुडाल्या. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तेच. मी तेव्हा साताऱ्यात शाळेत होतो. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, कोयना तिला कराडला मिळते. म्हणजे आमच्या जिल्ह्यावर पडलेलं पाणी तुमच्या गल्लीत शिरलं होतं आणि आम्हाला पावसाची सुट्टी मिळाली म्हणून आम्ही खूश होतो. आज लिहिताना लाज वाटते.

बुडालेल्या गाड्यांचं पुढे काय झालं? काही भंगारात गेल्या. काही धुऊन, वाळवून, पॉलिश करून बाजारात आल्या. पाण्यात उभी असलेली गाडी एक वेळ वाचते. पण पाण्यातच कोणी स्टार्टर मारला तर पाणी सिलिंडरमध्ये ओढलं जातं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाणी हटत नाही, आणि मधल्या मध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो. थोडासा वाकला तर इंजिन चालतंही, वर्षं दोन वर्षं. आवाजही छान येतो!

मालकाला विनंती करून कॉम्प्रेशन टेस्ट केली. तीन सिलिंडर १७० पीएसआयच्या आसपास, एक १४५. मिस्त्रींनी त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा बघितलं. आकडा वाढला असता तर रिंगा झिजल्यात असं म्हटलं असतं. वाढला नाही. "मंग व्हॉल्व्ह, न्हाईतर रॉड. खोलल्याबिगर कळायचं न्हाई," मिस्त्री म्हणाले. मालकाने ही गाडी दोन वर्षांपूर्वी घेतलेली. कदाचित त्यालाही कोणी सांगितलं नसेल. त्याला दोष देऊन मी मोकळा होऊ शकत नाही, कारण मी स्वतः पॉलिश बघूनच हो म्हणणार होतो.

आता माझं मत. "टर्बो इंजिन टिकत नाही" आणि "ही कंपनी भारी, ती बेकार" ही दोन्ही वाक्यं आपण हॉस्टेलच्या कट्ट्यावर फार सहज बोलतो. जुन्या गाडीच्या बाबतीत इंजिन किती टिकेल हे कंपनीपेक्षा आधीच्या मालकावर जास्त ठरतं. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. घाट चढून आल्या आल्या किल्ली फिरवून इंजिन बंद केलं की तापलेल्या बेअरिंगमधलं ऑइल जळून कोळसा होतो. मिनिटभर गाडी तशीच चालू ठेवणारा मालक आणि न ठेवणारा मालक, दोघांची गाडी बाहेरून सारखीच दिसते. फरक दिसतो तो फाईलमध्ये. ऑइल कधी बदललं, टायमिंग बेल्ट कधी बदलला (रबर आहे, गाडी नुसती उभी असली तरी जुनं होतं), आणि जुन्या इन्शुरन्स पॉलिसी. २०१९ किंवा २०२१ नंतर नो क्लेम बोनस अचानक शून्य झाला असेल तर का ते विचारा. फाईल नसेल तर गाडी कितीही लाल असो, परत फिरा.

बाबांचं म्हणणं वेगळं आहे. "एवढ्या पैशात थोडं कर्ज काढलं तर नवी साधी गाडी येते, वॉरंटीसकट." मला ते पूर्ण पटतं, जर घरात ती एकच गाडी असेल तर. रात्री आजारी माणसाला दवाखान्यात न्यायची गाडी ही हौसेची गाडी असू नये. दादाच्या घरी वॅगन आर आहे. म्हणून त्याच्या हौसेला माझा पाठिंबा आहे, एका अटीवर: सगळे पैसे गाडीत घालायचे नाहीत. चाळीस-पन्नास हजार बेल्ट, वॉटर पंप, क्लच ह्यांच्यासाठी बाजूला ठेवायचे. तेवढे उरत नसतील तर ती गाडी आपल्याला परवडत नाही, किंमत काहीही असो.

दादाने शेवटी चार महिन्यांनी पुण्यातून दुसरी अबार्थ घेतली. रंग उडालेला, बंपरला ओरखडे, पण पहिल्या दिवसापासूनची बिलं एका पिशवीत. घेतल्या घेतल्या बेल्ट आणि सगळं ऑइल बदललं. आठ महिने झाले, कुरकुर नाही. उद्या बंद पडली तर शिव्या मलाच बसणार, हे माहीत आहे!

सरांना एक विनंती आहे. परवा लॅबमध्ये मी आमच्या बॅचला विचारलं, ह्या इंजिनाची डिपस्टिक कोणी बाहेर काढून बघितलीय? वीसजणांत एकही हात वर आला नाही, माझाही नाही. हीट बॅलन्स शीट आम्हाला पाठ आहे, ऑइल आहे का ते माहीत नाही. वर्कशॉपच्या मागे पडलेल्या जुन्या इंजिनावर कॉम्प्रेशन टेस्टचं एक प्रॅक्टिकल ठेवता येईल का? गेज मिस्त्री द्यायला तयार आहेत, मी विचारून ठेवलंय.

बाकी, हॉस्टेलमध्ये कोणी जुनी गाडी किंवा बाइक बघायला निघणार असेल तर आधी रूमवर येऊन मला भेटा. मिस्त्रींकडे घेऊन जातो. चहा-भडंग तुमच्याकडून.