जुन्या टेपला नवी वाट

प्रत्येक घरात एखादी वस्तू अशी असते, की ती टाकवत नाही आणि ठेवली तर "कशाला ठेवलीय?" असं येणारा-जाणारा विचारतो. कुणाकडे पितळी बंब असतो, कुणाकडे हातशिलाईचं मशीन. आमच्याकडे ती वस्तू म्हणजे गाडीतला टेप.

गाडी २००३ सालची, केए-२२ नंबरची. मामंजींनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली. पंधरा वर्षं झाली तेव्हा एकदा आणि त्यानंतर पाच वर्षांनी पुन्हा एकदा तिचं रजिस्ट्रेशन आम्ही वाढवून घेतलं. इंजिन अजून ठणठणीत आहे. टेप मात्र कंपनीनेच बसवलेला, कॅसेट आणि रेडिओवाला. मोबाईल जोडायला त्यात काहीही सोय नाही. २००३ साली मोबाईलवर गाणी ऐकायची कुणाच्या डोक्यात होती?

आमचा मुलगा पुण्याहून आला की पहिल्यांदा त्या टेपवर घसरायचा. "आई, हे काढून टाक. मोठा स्क्रीन बसवू. गाणी, नकाशा, सगळं येतं." ह्यांनाही ते पटत होतं. पटत नव्हतं ते फक्त सासूबाईंना. त्या मागच्या सीटवरून एवढंच म्हणायच्या, "अदन्न तगीब्याडप्पा." ते काढू नको, बाबा. माझं माहेर मराठी, सासूबाईंचं धारवाडकडचं कन्नड. आमच्या घरात सगळे त्यांना 'अव्वा' म्हणतात. अव्वा नातवाशी मराठीत बोलतात, पण नकार मात्र नेहमी कन्नडमध्ये देतात. तो बदलत नाही हे आम्हाला ठाऊक आहे.

त्यांच्या नकाराचं कारण एका कॅसेटमध्ये होतं. १९९६ साली आमच्या घरी दर गुरुवारी भजन असायचं. मामंजी पेटी वाजवून अभंग म्हणायचे आणि मग अव्वा दासांची पदं म्हणायच्या. पंडित भीमसेन जोशींनी अभंग आणि दासरपदं दोन्ही घराघरात नेली, त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या मंडळींना त्यात वेगळं काही वाटायचं नाही. एका गुरुवारी ह्यांनी ते भजन टेप करून घेतलं. साठ मिनिटांची कॅसेट. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. मामंजी २०११ साली गेले. घरातला टेपरेकॉर्डर त्याच्याही आधी बिघडला होता. ती कॅसेट वाजेल असं एकच ठिकाण उरलं होतं, ते म्हणजे गाडी. वर्षातून दोन-तीनदा अव्वा पर्समधून कॅसेट काढून पुढे द्यायच्या. दोघांच्या मध्ये आम्ही कुणी बोलायचं नाही, असा अलिखित नियम होता.

गेल्या कोजागिरीला आम्ही पेडण्याला निघालो होतो. माझ्या वन्सं तिथे दिलेल्या आहेत. पेडण्याची पुनव म्हणजे आमच्या घरचीच जत्रा. देव रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगं बघायला दरवर्षी जायचंच. निघायच्या आधी महिनाभर टेपचा विषय पुन्हा निघाला, कारण जांबोटी सोडल्यावर चोर्ला घाटात रेडिओही नीट लागत नाही आणि मोबाईलची रेंजही येते-जाते. मोबाईलमध्ये उतरवलेली गाणी मात्र वाजतात. ती गाडीच्या स्पीकरवर आणायची कशी, हा प्रश्न.

आधी आम्ही स्वस्तातले उपाय करून पाहिले. कॅसेटच्या आकाराचा एक अडाप्टर मिळतो, त्याला वायर असते, ती मोबाईलला लावायची. आत टेप नसतो, छोटं चुंबकी हेड असतं. ते टेपच्या हेडसमोर येतं आणि आवाज पलीकडे पोचतो. युक्ती छान, पण आमचा टेप आपोआप बाजू बदलणारा. त्याला वाटायचं कॅसेट संपली. तो इकडून तिकडे खटाखट बाजू बदलायचा आणि शेवटी अडाप्टर बाहेर थुंकायचा. मग सिगारेट लायटरच्या जागी बसणारा एफएमवाला घेतला. तो मोबाईलचं गाणं एका रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर सोडतो आणि आपण रेडिओ तिथे लावायचा. गावाबाहेर बरा वाजला. पण जिथे त्या आकड्याच्या आसपास खरं स्टेशन होतं, तिथे भजनात जाहिरात घुसायची.

शेवटी एका दुकानात गेलो. तिथल्या मुलाने टेप बघितला आणि हसला. "काकू, हा भंगारात द्या." शिवाय कंपनीच्या टेपचा आकार डॅशबोर्डच्या वळणाप्रमाणे होता. बाजारातले साधे सेट ठरावीक चौकटीचे, साधारण १८० बाय ५० मिलिमीटरचे. म्हणजे नवा सेट बसवायला पुढची पट्टीही कापावी लागणार होती. अव्वा गाडीतून उतरल्याच नाहीत.

"मामी, डिचोलीत एक जण आहे," भाच्याने पेडण्याहून फोनवर सांगितलं. "जुन्या टेपचं काम अजून करतो. तुमच्या वाटेवरच आहे."

चोर्ला उतरून केरी, साखळी करत आम्ही डिचोलीत पोचलो तेव्हा दहा वाजले होते. बाजाराच्या मागे छोटंसं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. साठीचे गृहस्थ. पूर्वी खनिजाच्या ट्रकांची वायरिंगची कामं इतकी असायची की जेवायला वेळ नसायचा, म्हणाले. २०१२ साली खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभे राहिले आणि ते घरगुती गाड्यांच्या कामाकडे वळले. त्यांनी टेपवर टॉर्च मारला, कॅसेट घालून पाहिली, आणि अव्वांकडे बघत म्हणाले, "टेप काडपाची गरज ना, माई." आमच्यापैकी कुणाला कोंकणी धड येत नाही, पण एवढं अव्वांनाही कळलं. त्या लगेच दुकानातल्या बाकावर येऊन बसल्या.

मग त्यांनी मला समजेल अशा मराठीत सगळं सांगितलं. कॅसेटच्या हेडमधून निघणारा विद्युत संदेश अगदी क्षीण असतो, एका मिलिव्होल्टपेक्षाही कमी. त्याला आधी एक छोटी पायरी मोठा करते. मग टेप आणि रेडिओ दोन्हींच्या वाटा एका जागी येतात, तिथून आवाज कमी-जास्त करायच्या बटणाकडे आणि पुढे स्पीकरकडे. मोबाईलचा आवाज मुळातच त्यापेक्षा कितीतरी मोठा, म्हणून तो हेडच्या तारांना जोडला तर फाटतो. तो द्यायचा त्या पायरीच्या पुढे, वाटा एकत्र येतात त्याच्या जरा अलीकडे. त्यांनी कॅसेटच्या वाटेला हातच लावला नाही. रेडिओची वाट निवडली. डावा आणि उजवा असे दोन मार्ग तिथे तोडून मध्ये सहा टोकांचा एक खटका बसवला. खटका वर असला की रेडिओ. खाली केला की रेडिओ गप्प आणि मोबाईल बोलतो. कॅसेट घातली की नेहमीप्रमाणे कॅसेट.

"रेडिओचीच वाट का?" ह्यांनी विचारलं.

"टेपच्या वाटेवर दिलं तर मोबाईल ऐकताना दरवेळी आत कॅसेट फिरत राहायला हवी," ते म्हणाले. "मोटर उगाच झिजते. तुम्हाला टेप जपायचा आहे ना?"

काम सुरू करण्याआधी त्यांनी विचारलं, टेपचा कोड आहे का? काही गाड्यांत बॅटरी काढली की टेपला कुलूप लागतं आणि आकडे घातल्याशिवाय तो चालू होत नाही. मामंजींनी गाडीच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर तो लिहून ठेवला होता, त्यांच्या वळणदार अक्षरात. तो नसता तर आमचा सगळा खटाटोप तिथेच थांबला असता. मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली, टेप बाहेर आला, बोर्ड उघडला. दोन मार्गांवर एकेक कपॅसिटर, म्हणजे सेटमधला डीसी करंट मोबाईलकडे जाऊ नये. जाळीवाली वायर, म्हणजे बाहेरचा खरखराट आत शिरू नये. आणि ॲश-ट्रेच्या शेजारी साडेतीन मिलिमीटरची पिन बसेल असं भोक. दोन तास लागले. दिसायला काही बदललं नाही, एक बारीक खटका आणि एक भोक एवढंच.

आम्ही खुशीत निघालो. अस्नोडा गेल्यावर मी मोबाईल चार्जिंगला लावला आणि गाण्यात एक 'कूंऽऽ' असा सूर आला. गाडीचा वेग वाढला की तो चढायचा, कमी झाला की उतरायचा. अव्वा मागून म्हणाल्या, "येनव्वा इदु, यार अळाकत्तार?" कोण रडतंय? मी दुकानात फोन लावला. पलीकडून हसू ऐकू आलं. "चार्जर काढा." काढला. रडणं थांबलं. चार्जर आणि टेप दोघेही गाडीच्या पत्र्याशी वेगवेगळ्या जागी जोडलेले असतात, त्यामुळे गाडीच्या अल्टरनेटरची कुरकुर आवाजाच्या तारेत शिरते. त्यासाठी मध्ये लावायचा छोटा आयसोलेटर मिळतो. आम्ही मात्र सोपा उपाय स्वीकारला. मोबाईल घरून भरून घ्यायचा.

पण त्या गृहस्थांनी निघताना आणखी एक गोष्ट सांगितली होती. कॅसेट हातात घेऊन त्यांनी मधली फेल्टची गादी दाखवली. ती सुटायला आली होती. "ही पडली की आवाज बसेल. टेपही जुना झालाय. वाजतोय तोवर दुसरीकडे उतरवून ठेवा. आणि उन्हात गाडीत विसरू नका." त्यांनी बोर्डवरच टेपच्या वाटेवरून आणखी एक तार बाहेर काढून दिली होती, उलट दिशेची, आवाज बाहेर नेणारी.

पेडण्याला पोचल्यावर अव्वा गप्प होत्या. रात्री वन्संना म्हणाल्या, "मोबाईलमध्ये उतरवली की मग टेप फेकून देतील." मुलगा पुण्याहून आला होता, त्याने ते ऐकलं. तो काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात, फणसाच्या सावलीत गाडी उभी केली. इंजिन बंद, चावी फक्त टेपपुरती फिरवलेली. भाच्याने लॅपटॉप आणि आवाज आत घ्यायची एक छोटी डबी आणली. कॅसेट उतरवायला काही घाई करता येत नाही. टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकतो. साठ मिनिटांचं भजन साठ मिनिटंच घेतं. चारही दारं उघडी टाकून आम्ही सगळे गाडीत, गाडीबाहेर, पायरीवर बसलो. पेटीचा सूर, मधेच कुकरची शिट्टी, कुणाचं तरी खाकरणं. चार वर्षांचा माझा मुलगा टेपमध्ये "आज्जा, बिस्किट" म्हणाला आणि तिशी ओलांडलेला माझा मुलगा उठून विहिरीकडे गेला.

पहिली बाजू संपता संपता मामंजींचा आवाज आला, "आता तुझं म्हण." आणि अव्वांचा, तरुण, लाजरा, "नीव मोदल बाजू सरिसकोळ्री." आधी पेटी जरा बाजूला घ्या. त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं जगात दुसरीकडे कुठेच टेप झालेलं नाही. इतक्या वर्षांत आम्ही ते ऐकलं नव्हतं, कारण अभंग संपला की आम्ही बाजू बदलायचो. त्या दिवशी टेप शेवटपर्यंत जाऊ दिला म्हणून सापडलं.

मला केसरबाई केरकरांची आठवण झाली. त्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या. आपल्याला चोर्ला उतरून लागते ती केरी सत्तरीतली, ही वेगळी. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अमेरिकेने अंतराळात जी तबकडी पाठवली, तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे. पाठवणाऱ्यांनी तबकडीसोबत ती वाजवायची सुईही पाठवली, कशी वाजवायची याच्या खुणाही. नुसता आवाज जपून भागत नाही, तो ऐकायचं साधनही जपावं लागतं, हे त्यांना कळलं होतं. आमच्या अव्वांनाही कळलं होतं.

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर एवढं लक्षात ठेवा. कोड शोधल्याशिवाय बॅटरी काढू देऊ नका. टेपच्या मागे आधीच एखादं जास्तीचं सॉकेट असेल, तर बोर्ड न उघडताही काम होऊ शकतं, ते आधी पाहायला सांगा. एअरबॅग असलेल्या गाडीत डॅशबोर्डला जाणकाराशिवाय हात लावू देऊ नका. नव्या मोबाईलला गोल पिनेचं भोक नसेल तर जोड मिळतो, तो स्वतःच्या फोनवर चालवून मगच घ्या. गाणं लावायचं ते गाडी सुरू करण्याआधी. आणि घरात जुनी कॅसेट असेल तर ती आज उतरवा, पुढच्या दिवाळीला नव्हे.

परतताना मुलगा चालवत होता. मी हळूच विचारलं, "मग, स्क्रीन कधी बसवायचा?" त्याने उत्तर दिलं नाही. मागून अव्वाच म्हणाल्या, "एरडू इरली." दोन्ही राहू दे.

आता कॅसेट कपाटात असते, भजन तीन मोबाईलमध्ये आहे. गाडीत खटका खाली केला की मामंजी गातात. दर कोजागिरीला मात्र कॅसेटच लावायची आणि शेवटपर्यंत जाऊ द्यायची, असं ठरलं आहे.